भंडारा न उचललेली उमेदवार

आबांच्या दंडाला पट्टा बांधून मी रक्तदाबाच्या मशीनचा फुगा दाबत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "सिस्टर, औंदा तुमी उभं ऱ्हावा."

मला कळेना. मी उभीच होते.

"इलेक्शनला म्हंतोय मी," आबा म्हणाले. "आपल्या वॉर्डात बायकांची जागा हाय."

माझा हात सुटला, फुग्यातली हवा फुस्सकन गेली आणि सगळं मोजमाप पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी माझाच रक्तदाब मोजायला हवा होता.

शिराळ्याजवळच्या आमच्या गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. मी सगळ्यांची सिस्टर. माहेर साताऱ्याचं. तिथल्या एका खासगी दवाखान्यात मी बारा वर्षं नर्स होते. नवरा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आम्ही त्याच्या गावी सासूबाईंजवळ आलो. पुढं त्याला शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम मिळालं. तो आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो. गावात आमची ख्रिस्ती घरं चार. एका खोलीत आमची उपासना चालते, पाळक पंधरा दिवसांतून एकदा मोटरसायकलवरून येतात. बाकी दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांचा रक्तदाब बघणं, जखमांच्या पट्ट्या बदलणं, कुणाला इंजेक्शनची भीती वाटली तर धीर देणं, हे माझं चालू असतं.

आबा म्हणजे गावातल्या एका पॅनेलचे प्रमुख. उसाचं मोठं रान, आवाज त्याहून मोठा. आदल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं आणि घराघरांत जुलाब सुरू झाले, तेव्हा मी पंधरा-वीस बायका घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात बसले होते. काम सुरू होईपर्यंत आम्ही हललो नाही. ते आबांनी बघून ठेवलं होतं.

नवऱ्याला फोन केला. तो हसतच सुटला. "अगं राहा की उभी! बॉर्डरवर थोडीच पाठवतायत तुला?"

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. "इलेक्शन म्हंजे खोटं बोलनं आलं. आयतवारी प्रार्थनेला कुठल्या तोंडानं बसशील?"

"खोटं न बोलता उभी राहते."

"मग पडशील," त्या म्हणाल्या आणि फुंकणीनं जाळ फुलवायला लागल्या.

पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "शेजाऱ्याचं गटार साफ करणं हेही प्रभूचंच काम आहे. भरा अर्ज." आणि मी शिराळ्याला जाऊन अर्ज भरला. सही करायच्या आधी मी पेन दोनदा खाली ठेवलं, तेव्हा कारकुनानं वर बघून विचारलं, "बाई, पाणी देऊ का?"

चिन्ह मिळालं शिट्टी. त्या दोन आठवड्यांत गावात जो कल्लोळ झाला तो अजून माझ्या कानात आहे. प्रत्येक बाईच्या गळ्यात प्लॅस्टिकची शिट्टी. आमची फेरी कोपऱ्यावर आली की कुत्री पळून जायची. तिसऱ्या दिवशी बघते तर आत्या अंगणात उभ्या राहून गाल फुगवून शिट्टी वाजवतायत.

"आत्या, तुम्ही?"

"वाजती का बगत हुते," त्या म्हणाल्या आणि शिट्टी पदराला बांधून आत गेल्या.

दारोदार जाताना बायका ताट घेऊन ओवाळायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या. पहिल्या दिवशी मी दचकले. मग विचार केला, ही माझ्या देवाची परीक्षा घेत नाहीये, हिला मी आवडते म्हणून ओवाळतेय. मी मान पुढं केली. प्रचाराचा नारळ ग्रामदैवताच्या देवळापुढं फुटला तेव्हा मी चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन पायरीखाली उभी राहिले. आत गेले नाही आणि कुणी ये म्हणालंही नाही. कुठं मान वाकवायची आणि कुठं नाही, याचा कागद कुणी लिहून देत नाही. दर दारात नव्यानं ठरवावं लागतं.

समोरच्या पॅनेलनं माझ्याविरुद्ध उभं केलं ते नेमकं माझ्या मैत्रिणीला. मागच्या गल्लीतच तिचं घर. तिच्या सासऱ्यांच्या पायाची जखम मी सहा महिने रोज धुतली होती. तिचं चिन्ह कपबशी. एकदा आमच्या दोन्ही फेऱ्या एकाच बोळात समोरासमोर आल्या. शिट्ट्या थांबल्या, घोषणा थांबल्या. ती म्हणाली, "सिस्टर, माज्या दारात मत मागाय येऊ नका. च्याला या." दोन्हीकडच्या बायका पोट धरून हसल्या.

मतदानाला तीन दिवस उरले असताना आबांनी सगळ्या उमेदवारांना संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बोलावलं. ताटात भंडारा ठेवला होता. आमच्या भागात देवाचा तो भंडारा, म्हणजे हळदीची पूड, मुठीत घेऊन शपथ घेतात. ती मोडणं म्हणजे देवाशीच बेइमानी. निवडून आल्यावर दुसऱ्या पॅनेलला मत देणार नाही, फुटणार नाही, अशी शपथ एकेकानं घेतली. बांगड्यांचं दुकान असलेले चाचा आमच्याच पॅनेलमध्ये होते. त्यांनीही शांतपणे मूठ भरली आणि शब्द उच्चारले. मग ताट माझ्यापुढं आलं.

"आबा, मला हे जमणार नाही."

"का? आमचा देव चालत न्हाई?"

"तसं नाही. मी कुठलीच शपथ घेत नाही. बायबलवर हात ठेवा म्हणालात तरी घेणार नाही. आमच्यात शिकवलंय की होय म्हणायचं तर ते होयच असलं पाहिजे. वर आणखी शपथ लागली तर मग होयला काय अर्थ?"

सभामंडपात कुजबूज सुरू झाली. एक उमेदवार म्हणाला, "आमी काय येडं म्हणून उचलला व्हय?"

"तुम्ही तुमच्या श्रद्धेनं उचललात. मी माझ्या श्रद्धेनं सांगते. मी पॅनेलबरोबर राहीन. होय म्हणजे होय."

चाचा माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "सिस्टर, गावात राहायचंय आपल्याला. मी तर मनात माझ्या अल्लालाच साक्षी ठेवला." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती. क्षणभर मला वाटलं, मी उगाच ताठा तर करत नाहीये? चिमूटभर हळद तर आहे. पण तोंडातून निघालेला शब्द मागं घ्यावासा वाटेना.

"बरं," आबा म्हणाले. पण ताट उचलताना शेजारच्याला जे म्हणाले ते मला ऐकू आलं. "हिच्यावर ध्यान ठेवा."

मतदान रविवारी होतं. आम्ही चार घरांनी सकाळी सहालाच उपासना उरकली आणि तिथूनच रांगेत जाऊन उभे राहिलो.

मंगळवारी शिराळ्याला मतमोजणी. बाहेर दोन्ही पॅनेलचे लोक गुलालाच्या पिशव्या घेऊन तयार. आत आमच्या वॉर्डाची मोजणी झाली आणि टेबलामागच्या अधिकाऱ्यानं आकडे परत जुळवून बघितले. त्यानं पुन्हा मोजायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. शिट्टी दोनशे चौदा. कपबशी दोनशे चौदा.

"समान मतं," तो म्हणाला. "चिठ्ठी टाकावी लागेल."

मला आणि मैत्रिणीला एका बाकावर बसवलं. दोन कागदांवर आमची नावं लिहिली, सारख्या घड्या घातल्या आणि प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून डबा हलवला. बाहेर बातमी पोचली असावी. ओरडा एवढा वाढला की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

"सिस्टर, तुमी प्रार्थना करा की," ती म्हणाली.

"कुणासाठी करू?"

"ते तुमचं तुमी बगा."

मी डोळे मिटले. तिचा हात हातात असताना मला निवडून आण असं म्हणवेना आणि तिला आण म्हणण्याएवढी मी मोठ्या मनाची नव्हते. शेवटी एवढंच मागितलं, काहीही निघो, हिनं माझा हात झिडकारू नये.

चहाचे कप गोळा करायला आलेल्या मावशींना अधिकाऱ्यानं चिठ्ठी काढायला सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले, मान दुसरीकडं फिरवली आणि डब्यात हात घातला. अधिकाऱ्यानं घडी उलगडली.

"शिट्टी."

बाहेर फटाके लागले. मैत्रिणीचे डोळे भरले. हात मात्र तिनं लगेच सोडला नाही. नाक ओढत म्हणाली, "आमच्या गल्लीचं गटार आदी करायचं. सांगून ठेवते." मी तिला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो की हसलो ते मला आजही सांगता येणार नाही. घरी पोचले तेव्हा भुवयांपासून टाचांपर्यंत मी गुलाबी झाले होते.

नऊ सदस्यांपैकी आमचे सहा आले, त्यांचे तीन. पण सरपंच थेट लोकांमधून निवडतात आणि ती जागा समोरच्या पॅनेलनं जिंकली. आता उपसरपंच सदस्यांनी निवडायचा होता. आमचे सहा, सरपंच धरून त्यांचे चार. एक मत फुटलं तर पाच-पाच होणार आणि मग सरपंचांना जादा मत मिळणार. म्हणून त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच प्रश्न होता, फुटणार कोण?

तिसऱ्या दिवशी सरपंच आणि त्यांचा धाकटा भाऊ पेढे घेऊन आमच्या घरी आले. भावानं विषय काढला. आमची दफनाची जागा ओढ्याच्या काठाला आहे. दर पावसाळ्यात काठ खचतो. सासऱ्यांच्या कबरीवरचा दगड दोन वर्षांपूर्वी वाहून गेला, तेव्हापासून आत्या पावसाळ्यात ओढ्याकडं बघत नाहीत. गायरानातली थोडी उंच जागा द्या म्हणून आमची चार घरं कित्येक वर्षं अर्ज करत होती.

"पैल्याच ग्रामसभेत ठराव घेतू," भाऊ म्हणाला. "तुमचं एक मत द्या. गुप्त मतदान हाय, कुणाला कळनार बी न्हाई."

साडी नव्हती, पाकीट नव्हतं. मागत आलो होतो तेच समोर ठेवलं होतं.

"मी शब्द दिलाय," मी म्हणाले.

"भंडारा तर उचलला न्हाई की तुमी!"

"म्हणून तर मोडता येत नाही."

ते गेल्यावर आत्या दाराआडून बाहेर आल्या. निवडणुकीत खोटं बोलावं लागेल म्हणून घाबरलेल्या त्याच आत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "द्यावं का गं मत? ह्यांची माती चाललीया वाहून." मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

उपसरपंचाच्या मतदानाच्या दिवशी चिठ्ठीवर दोन नावं होती. आपल्या माणसापुढं फुली मारायची. मी पडद्याआड गेले आणि खरं सांगते, माझं पेन दुसऱ्या नावावर जाऊन थांबलं. ओढा दिसत होता, आत्यांचं तोंड दिसत होतं. मनात एकच वाक्य आलं, शब्द मोडून मिळालेल्या मातीत मी आत्यांना कशी ठेवू? पेन वर सरकवलं आणि आमच्या उमेदवारापुढं फुली मारली. बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते, धावत सुटावं असं वाटत होतं.

दहा मिनिटांत निकाल आला. पाच-पाच. सरपंचांनी आपलं जादा मत टाकलं आणि उपसरपंच त्यांचा झाला.

आमच्यातला कुणीतरी फुटला होता आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"आबा, मी नाही," मी म्हणाले.

"भंडारा उचलला न्हवता, तवाच समजाय पायजे हुतं," आबा म्हणाले आणि जोडे घालून चालते झाले.

माझ्याकडं पुरावा कसला? एक शब्द होता, तो आधीच कमी पडला होता. आबा रक्तदाब मोजायला यायचे बंद झाले. मला राग आला होताच, पण त्यांच्या गोळ्या वेळेवर चालल्यात का ही काळजीही सुटेना. नाताळला दरवर्षी आमच्या घरी निम्मं गाव करंज्या खायला येतं. त्या वर्षी आत्यांनी तीन डबे भरले आणि दुपारपर्यंत एकही रिकामा झाला नाही. मग मैत्रीण आली. मुलंबाळं, दीर-जावा, सगळं घर घेऊन आली. "कपबशीवाल्यांना चालतंय नव्हं?" म्हणत तिनं पहिली करंजी उचलली. चाचाही आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाले, "मला माहीत आहे."

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. नवरा रजा काढून आला होता. माझ्या हातात चार घरांचा नवा अर्ज. उभी राहिले आणि आवाज निघाला तो मलाच अनोळखी वाटावा इतका खणखणीत. मी ओढ्याचं सांगितलं, खचणाऱ्या काठाचं सांगितलं. गायरानातली जागा मागितली.

सरपंच म्हणाले, "बगू, पुढच्या सभेत घिऊ."

"पुढच्या पावसाळ्याआधी घ्या," मी म्हणाले. "आमचे मेलेले थांबतील, ओढा थांबणार नाही."

लोक हसले. आणि त्या हसण्यानं सरपंचांच्या भावाचा तोल गेला. तो उठून ओरडला, "आता कशाला मागताय? तवा घरी येऊन इचारलं हुतं, मत द्या, जागा घ्या. तवा तुमी न्हाई म्हनला! दिलं असतं तर आज जागा मिळाली असती!"

तो काय बोलून बसला हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं. सरपंचांनी कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे सिस्टर फुटली न्हवती!" आणि मग ते वाक्य रांगेरांगेतून पुढं येत गेलं, मोठं होत गेलं. मला एका जागी उभं राहवेना. नवरा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

आबा उठले. सगळ्यांना वाटलं, आता भांडण होणार. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "सिस्टर, माजं चुकलं." एवढ्या माणसांत, एवढ्या मोठ्या आवाजात. मग सरपंचांकडं वळले. "गायरानातल्या जागंचा ठराव मी मांडतू."

"अनुमोदन!" बायकांमधून आवाज आला. मैत्रीण उभी होती, ज्या पॅनेलनं तिला उभं केलं होतं त्यांच्याच नाकासमोर. मग चाचांनी हात वर केला, मग सगळं पटांगण हात झालं. सरपंचांनाही हात वर करावा लागला. खरं तर त्यांनाही तो मनापासून करायचा असावा. सभा संपल्यावर ते आत्यांच्या पाया पडले.

कोण फुटलं होतं ते मला पुढं कळलं. तो माणूस स्वतःच आला, रक्तदाब मोजायला म्हणून, आणि पट्टा बांधलेला असतानाच रडला. मनात आलं होतं, आत्ताच चौकात जाऊन सांगावं. गेले नाही. इथंही सांगणार नाही.

ठरावाचा कागद शिराळ्याला गेला, तिथून पुढं गेला, परत आला, त्रुटी निघाल्या, पुन्हा गेला. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी मोजणीवाले आले. आबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. नवऱ्यानं आणि चाचांनी टेप धरली, मैत्रिणीच्या दिरानं चारी कोपऱ्यांना दगड रोवले. उन्हात नुसती धावपळ चालली होती, जणू कुणाचं लग्न आहे.

आत्यांनी पदर खोचला आणि त्या जागेत एकट्याच फिरायला लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, पायानं माती उकरून बघितली, वाकून मूठभर हातात घेतली. मग एका कडुलिंबाखाली थांबून त्यांनी मला जोरात हाक मारली.

"हितं," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा नव्या घराची जागा ठरवणाऱ्या बाईसारखा उजळला होता. "माजी जागा हितं धर. सावलीला. आन घाई करू नगंस, मला अजून लय दिस जगायचंय."